वेधशाळेचा पारा आणि माणसाला बसणारी झळ

शहराचे तापमान एका आकड्यात सांगितले जाते. त्या शहरात राहणाऱ्या प्रत्येकाच्या वाट्याला येणारी उष्णता मात्र वेगवेगळी असते. रायपूरच्या तेलीबांधा परिसराच्या निमित्ताने, व्यक्तीच्या अंगावरील उष्णता मोजण्याच्या प्रयत्नांचा आणि त्यांच्या धोरणात्मक महत्त्वाचा हा आढावा.

छत्तीसगडची राजधानी रायपूर येथे मे महिन्यात कमाल तापमान ४२ अंश सेल्सिअसच्या पुढे जाणे ही नित्याची बाब आहे. सूर्याने रोहिणी नक्षत्रात प्रवेश केल्यानंतरचे नऊ दिवस, म्हणजे साधारणपणे २५ मेपासूनचा 'नवतपा', हा विदर्भाप्रमाणेच छत्तीसगडमध्येही उन्हाळ्याचा सर्वांत कठीण काळ मानला जातो. या दिवसांत रोज संध्याकाळी शहराचा एक आकडा जाहीर होतो. उष्णतेच्या लाटेचे इशारे त्यावरून दिले जातात, शाळांच्या वेळा बदलतात आणि रुग्णालयांना सज्ज राहण्याच्या सूचना जातात. परंतु हा आकडा नेमका कोणाला लागू पडतो, याचा विचार प्रशासकीय पातळीवर अभावानेच होतो.

तेलीबांधा हा या प्रश्नाकडे पाहण्यासाठी अत्यंत बोलका परिसर आहे. जुन्या राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ६ वरील, 'जी. ई. रोड' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या रस्त्यालगत तेलीबांधा तलाव आहे. सुशोभीकरणानंतर नागरिक त्याला 'मरीन ड्राइव्ह' म्हणू लागले. तलावाकाठच्या जुन्या वस्तीतील कुटुंबांना जवळच बहुमजली इमारतींत सदनिका देण्यात आल्या. याच रस्त्यावर पुढे वातानुकूलित व्यापारी संकुले आहेत. त्यांच्या दारात दुचाकीवरून सामान पोहोचविणारे तरुण थांबलेले असतात, कडेला हातगाड्या लागतात आणि नव्या बांधकामांवर गवंडी व बिगारी राबत असतात. शहराचा पारा या सर्वांसाठी एकच असतो. प्रत्यक्षात संकुलातील कर्मचारी दिवसाचे आठ तास थंड हवेत काढतो, तर बाहेरचा हातगाडीवाला तापलेल्या डांबरावर उभा राहतो.

वेधशाळा काय मोजते?

हवामानशास्त्रात तापमान मोजण्याची पद्धत जगभर ठरलेली आहे. पांढऱ्या रंगाच्या, झडपा असलेल्या पेटीत, जमिनीपासून सुमारे सव्वा ते दोन मीटर उंचीवर तापमापक ठेवला जातो. त्यावर थेट ऊन पडू नये, हवा खेळती राहावी आणि आसपास इमारतींचा अडथळा नसावा, असा दंडक आहे. या शिस्तीमुळेच रायपूरची नोंद नागपूरच्या किंवा लंडनच्या नोंदीशी ताडून पाहता येते. हवेचे खरे तापमान जाणून घेण्यासाठी ही पद्धत योग्यच आहे.

अडचण आहे ती या नोंदीच्या वापराची. तापमापकाला सावली दिली जाते, ती मजुराला मिळत नाही. माणसाच्या शरीरावर हवेच्या तापमानाबरोबरच सूर्याचे थेट किरण, तापलेल्या भिंती व रस्त्यांतून परतणारी उष्णता, हवेतील आर्द्रता आणि वाऱ्याचा वेग यांचा परिणाम होतो. त्यात श्रमामुळे शरीरातच निर्माण होणाऱ्या उष्णतेची भर पडते. त्वचेचे तापमान साधारणपणे ३५ अंशांच्या आसपास असते. हवा त्याहून गरम झाली की शरीराला थंड होण्यासाठी प्रामुख्याने घामाच्या बाष्पीभवनाचाच आधार उरतो. हवा दमट असेल, तर तो आधारही दुबळा पडतो.

हे घटक एकत्र मोजण्यासाठी अमेरिकी नौसैनिकांच्या प्रशिक्षण तळांवर १९५० च्या दशकात एक निर्देशांक तयार करण्यात आला. त्यात ओल्या तापमापकाच्या नोंदीला ७० टक्के, काळ्या गोलकातील तापमानाला २० टक्के आणि हवेच्या साध्या तापमानाला १० टक्के महत्त्व दिले जाते. कामाच्या ठिकाणची उष्णता मोजण्यासाठी आजही हाच निर्देशांक आंतरराष्ट्रीय मानक मानला जातो. जागतिक आरोग्य संघटना व जागतिक हवामान संघटना यांच्या २०२५ च्या अहवालानुसार, हा निर्देशांक २० अंशांच्या वर गेल्यावर प्रत्येक अंशामागे कामगाराची उत्पादकता २ ते ३ टक्क्यांनी घटते.

खारघरचा धडा

वेधशाळेचा आकडा आणि माणसाचा अनुभव यांतील अंतर किती जीवघेणे ठरू शकते, हे महाराष्ट्राने १६ एप्रिल २०२३ रोजी पाहिले. नवी मुंबईतील खारघर येथे महाराष्ट्रभूषण पुरस्कार सोहळ्यासाठी जमलेला विराट जनसमुदाय कित्येक तास उघड्या मैदानावर बसून होता. या दुर्घटनेत १४ जणांचा मृत्यू झाला. त्या दिवशी परिसरातील कमाल तापमान ३८ अंशांच्या आसपास नोंदले गेले होते.

विदर्भात किंवा छत्तीसगडमध्ये एप्रिलच्या मध्यास ३८ अंशांना कोणी कडक ऊन म्हणणार नाही. खारघरमध्ये मात्र त्या आकड्याला किनारपट्टीची आर्द्रता, सावलीचा अभाव, गर्दी आणि तासन्‌तास एकाच जागी बसणे यांची जोड मिळाली. पाऱ्याने हा धोका पूर्णपणे दाखविला नाही. मैदानातील काही जणांच्या अंगावर त्या दिवशी तापमापक असते, तर चित्र निश्चितच वेगळे दिसले असते.

बुटाला लावलेला तापमापक

अशा प्रकारचे मोजमाप हा आता केवळ कल्पनेचा विषय राहिलेला नाही. अमेरिकेच्या अलाबामा राज्यात २०१२ च्या उन्हाळ्यात संशोधकांनी बर्मिंगहॅम शहरातील ३० रहिवासी, राज्याच्या पश्चिम-मध्य ग्रामीण भागातील ३० रहिवासी आणि शहरात मैदाने व बागांची निगा राखणारे २१ कामगार यांच्या बुटांना छोटे स्वयंचलित तापमापक लावले. सात दिवस ही उपकरणे त्यांच्यासोबत घरी, कामावर आणि रस्त्यावर फिरली. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेले त्याचे निष्कर्ष लक्षणीय होते.

जवळच्या हवामान केंद्रातील तापमान एका अंशाने वाढले, तर व्यक्तीच्या मापकावर सरासरी सुमारे ०.३७ अंशाचीच वाढ दिसली. उघड्यावर काम करणाऱ्या कामगारांमध्ये हे प्रमाण ०.४२ होते. याचा अर्थ, हवामान केंद्राची नोंद व्यक्तीच्या अनुभवाची दिशा सांगते, पण त्याचे मोजमाप सांगत नाही. वार्षिक उत्पन्न २० हजार डॉलरहून अधिक असलेल्यांच्या वाट्याला आलेली उष्णता इतरांपेक्षा सुमारे एक अंशाने कमी होती. विशेष म्हणजे हा फरक घराबाहेर आढळला नाही. तो घरात आणि रात्रीच्या वेळी आढळला. उघड्या आकाशाखाली गरीब आणि सुस्थित यांना ऊन सारखेच लागत होते. त्यांच्यातील दरी घराच्या छपराखाली उघड झाली.

अमेरिकेत वातानुकूलन यंत्रे घरोघरी आहेत. तरीही तेथे उत्पन्नाचा परिणाम घरातील रात्रीच्या तापमानावर दिसून आला. ज्या देशात बहुसंख्य कुटुंबांचा आधार पंखा किंवा कूलर आहे, तेथे हा मुद्दा अधिक गंभीर ठरतो.

छपराखालची रात्र

दक्षिण आशियात या दिशेने झालेल्या कामात महाराष्ट्राचाही वाटा आहे. जालना व यवतमाळ येथील, तसेच दिल्ली, ढाका आणि फैसलाबाद या शहरांतील अल्प उत्पन्न कुटुंबांच्या घरांत तापमापक बसवून केलेल्या नोंदी २०२२ मध्ये प्रसिद्ध झाल्या. त्याच वर्षी पश्चिम बंगालमधील एक शहरी झोपडवस्ती आणि एक खेडे येथील वृद्धांनी व्यक्तिशः अनुभवलेल्या उष्णतेचा तौलनिक अभ्यासही प्रकाशित झाला. उष्णतेचा प्रश्न भर दुपारच्या उन्हापुरता मर्यादित नसून तो घरापर्यंत पोहोचला आहे, ही जाणीव या अभ्यासांमागे आहे.

पत्र्याचे छप्पर दुपारी झपाट्याने तापते आणि त्याखाली स्वयंपाक करणाऱ्या स्त्रीला चुलीची व छपराची अशी दुहेरी झळ सोसावी लागते. सिमेंटचा स्लॅब उशिरा तापतो, पण दिवसभर साठविलेली उष्णता तो मध्यरात्रीपर्यंत घरात सोडत राहतो. त्यामुळे बहुमजली इमारतीतही सर्वांत वरच्या मजल्यावरील कुटुंब आणि तळमजल्यावरील कुटुंब यांची रात्र सारखी नसते. तेलीबांध्यासारख्या परिसरात झोपडीतून पक्क्या सदनिकेत गेलेल्या कुटुंबाला पाऊस, चिखल आणि असुरक्षितता यांपासून सुटका मिळते. उष्णतेपासून किती सुटका मिळाली, हे मात्र त्या घराच्या आतच मोजावे लागेल.

भारतीय हवामान विभाग आता 'उष्ण रात्री'चीही नोंद घेतो. दिवसाचे कमाल तापमान ४० अंश वा अधिक असताना रात्रीचे किमान तापमान सरासरीपेक्षा ४.५ अंशांनी वा अधिक वाढले, की ती रात्र उष्ण ठरते. दिल्लीस्थित ऊर्जा, पर्यावरण व जल परिषदेने मे २०२५ मध्ये केलेल्या विश्लेषणानुसार देशातील ५७ टक्के जिल्ह्यांना उष्णतेचा उच्च किंवा अतिउच्च धोका आहे आणि अतिउष्ण दिवसांपेक्षा अतिउष्ण रात्रींची संख्या अधिक वेगाने वाढत आहे. रात्री शरीराला विसावा मिळाला नाही, तर दुसऱ्या दिवशीचे ऊन सोसण्याची क्षमता घटते. ज्याला दिवसा उन्हात राबायचे आहे आणि रात्री तापलेल्या खोलीत झोपायचे आहे, त्याच्यावर दोन्ही बाजूंनी भार पडतो.

गाव की शहर?

शहरे काँक्रीट व डांबरामुळे तापतात आणि खेडी तुलनेने थंड राहतात, हा सर्वसाधारण समज रात्रीच्या बाबतीत बहुतांशी खरा आहे. दिवसाचे गणित मात्र त्याहून गुंतागुंतीचे आहे. रायपूरच्या दक्षिणेकडील धमतरी, गरियाबंद व कांकेर या जिल्ह्यांत आणि सीमेपलीकडे गडचिरोली व गोंदियात तेंदूपत्ता संकलनाचा हंगाम ऐन उन्हाळ्यात येतो. पहाटे जंगलात जाऊन पाने तोडायची, डोक्यावरून घरी आणायची, छत्तीसगडमध्ये ५० पानांची एक याप्रमाणे पुडकी बांधायची आणि दुपारनंतर ती संकलन केंद्रावर पोहोचवायची, असा हा दिनक्रम असतो. एक हजार पुडक्यांचा एक प्रमाण बोरा होतो आणि त्यावर मजुरी ठरते. किती पाने तोडली याचा हिशेब ठेवला जातो. ती तोडताना किती उष्णता सोसली याचा हिशेब कोठेही नसतो.

गाव आणि शहर यांतील सीमारेषाही धूसर आहे. आसपासच्या खेड्यांतून रोज कामासाठी रायपुरात येणाऱ्या मजुराची रात्र गावात आणि दुपार शहरात जाते. सिलतरा व उरला येथील पोलाद कारखान्यांतील कामगाराला उन्हाखेरीज भट्टीची धगही सोसावी लागते. असा माणूस कोणत्या हवामान केंद्राच्या कक्षेत धरायचा? स्थिर केंद्राकडे या प्रश्नाचे उत्तर नाही. माणसाबरोबर फिरणारा तापमापकच ते देऊ शकतो.

परंपरेने या उष्णतेशी जुळवून घेण्याचे अनेक उपाय दिले आहेत. छत्तीसगडमध्ये रात्री पाण्यात भिजविलेला भात, म्हणजे 'बोरे बासी', हे श्रमिकांचे उन्हाळ्यातील अन्न आहे. राज्य शासनाने २०२२ मध्ये १ मे या कामगार दिनी बोरे बासी खाण्याचे आवाहन करून या अन्नाला सार्वजनिक प्रतिष्ठाही दिली. विदर्भातील पन्हे, डोक्याला गुंडाळलेला दुपट्टा आणि दुपारची विश्रांती याच परंपरेत मोडतात. तथापि या उपायांपैकी सर्वांत परिणामकारक असलेली विश्रांती ही रोजंदारीवरील मजुराच्या हातात नसते.

आकड्यावर ठरणारे पैसे

वैयक्तिक मोजमापाचा प्रश्न शास्त्रज्ञांपुरता राहिलेला नाही, कारण आता आकड्यावर आर्थिक मदतही ठरू लागली आहे. अहमदाबादस्थित 'सेवा' या असंघटित महिला कामगारांच्या संघटनेने २०२३ मध्ये गुजरातमधील सुमारे २१ हजार सदस्यांसाठी उष्णता विमा सुरू केला. तापमानाने ठरलेली पातळी ओलांडली, तर भरपाई मिळणार होती. पहिल्या वर्षी ती पातळी गाठली गेली नाही आणि भरपाई मिळाली नाही. त्यानंतर योजनेची फेररचना करण्यात आली. २०२४ मध्ये गुजरात, राजस्थान व महाराष्ट्रातील सुमारे ५० हजार महिलांचा तीत समावेश झाला आणि त्यांपैकी ४६ हजारांहून अधिक महिलांना भरपाई मिळाली. पातळी कोठे ठरवायची आणि ती कोठल्या नोंदीवर तपासायची, यावर हजारो कुटुंबांच्या हाती येणारी रक्कम अवलंबून असते, हेच या अनुभवातून दिसते.

सरकारी योजनांबाबतही हेच म्हणता येईल. मे २०१० मध्ये अहमदाबादेत पारा ४६.८ अंशांवर गेला. त्या महिन्यात नेहमीपेक्षा १,३४४ अधिक मृत्यू झाल्याचा निष्कर्ष पुढे अभ्यासांती काढण्यात आला. त्यातून २०१३ मध्ये त्या शहराचा उष्णता कृती आराखडा आकाराला आला आणि पुढे नागपूरसह अनेक शहरांनी त्याचे अनुकरण केले. मात्र दिल्लीतील धोरण संशोधन केंद्राने २०२३ मध्ये १८ राज्यांतील ३७ आराखडे तपासले, तेव्हा केवळ २ आराखड्यांमध्ये कोणाला सर्वाधिक धोका आहे याचे स्पष्ट मूल्यमापन केलेले आढळले. धोका कोणाला हेच ठाऊक नसेल, तर पाणपोई कोठे उभारायची, कोणत्या वस्तीतील छपरांना पांढरा रंग द्यायचा आणि कोणाची कामाची वेळ बदलायची, हे निर्णय अंदाजानेच घेतले जातात.

कामाच्या जागी केलेले मोजमाप काय उजेडात आणू शकते, याचे उदाहरण तमिळनाडूत मिळते. तेथे ८०० गर्भवती स्त्रियांवर झालेल्या आणि २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, कामावर अति उष्णता सोसणाऱ्या स्त्रियांमध्ये गर्भपात किंवा मृत अर्भक जन्माला येण्याचा धोका दुप्पट आढळला. शहराच्या सरासरी पाऱ्यावरून असा निष्कर्ष कधीही हाती लागला नसता. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने २०१९ मध्ये वर्तविलेल्या अंदाजानुसार, उष्णतेमुळे २०३० पर्यंत भारताचे ५.८ टक्के कामाचे तास वाया जातील. हे प्रमाण ३ कोटी ४० लाख पूर्णवेळ नोकऱ्यांइतके आहे. ही हानी शेते, बांधकामे, विटभट्ट्या आणि रस्ते येथे होणार आहे, आणि मोजमाप सर्वांत कमी होते तेही तेथेच.

मोजमापाच्या मर्यादा

असे असले तरी अंगावरील तापमापक हा रामबाण उपाय मानणे चुकीचे ठरेल. उपकरणावर थेट ऊन पडले, ते शरीराला फार जवळ असले किंवा रात्री बूट दाराबाहेर काढून ठेवले, तर नोंद फसवी होते. जेथे चप्पल किंवा अनवाणी पायांनी काम चालते, तेथे अलाबामातील पद्धत जशीच्या तशी लागू पडणार नाही. उपकरणांच्या तपासणीचे महत्त्व तर स्वतः हवामान विभागानेही अनुभवले आहे. मे २०२४ च्या अखेरीस दिल्लीतील मुंगेशपूर येथील स्वयंचलित केंद्राने ५२.९ अंश आणि त्यापाठोपाठ नागपुरातील एका केंद्राने ५६ अंश तापमान नोंदविले. देशभर खळबळ उडाली, परंतु पडताळणीअंती ही दोन्ही केंद्रे सदोष ठरली.

दुसरी मर्यादा सामाजिक आहे. कामगाराच्या अंगावरील उपकरण त्याच्या विश्रांतीचे मिनिट मोजणारे साधन बनले, तर त्याचा उपयोग कामगाराविरुद्धच होईल. नोंदी कोणाच्या मालकीच्या आणि त्या मालकाला किंवा ठेकेदाराला दाखवायच्या की नाही, हे मोजमापापूर्वीच ठरले पाहिजे. तिसरी मर्यादा नैतिक आहे. उन्हात राबणाऱ्याला ऊन लागते हे सिद्ध करण्यासाठी संशोधनाची वाट पाहण्याची आवश्यकता नाही. सावली, पिण्याचे पाणी व विश्रांती यांची तरतूद मोजमापाच्या आधीच करता येते.

तेलीबांध्यात काय करता येईल?

या मर्यादा ध्यानात घेऊनही, तेलीबांध्यासारख्या एका प्रभागात मर्यादित स्वरूपाचे मोजमाप करणे अवघड नाही. हातगाडीवाले, बांधकाम मजूर, घरकाम करणाऱ्या स्त्रिया, वरच्या मजल्यावर राहणारे वृद्ध आणि अभनपूरसारख्या जवळच्या तहसिलीतील खेड्यांचे शेतमजूर, अशा प्रत्येक गटातील काही जणांकडे आठवडाभर उपकरणे दिली आणि घरांत तापमान व आर्द्रतेची नोंद ठेवली, तरी वेधशाळेच्या पाऱ्यात कोणासाठी किती अंशांची भर घालावी लागते हे उमगू शकेल. प्रत्येकाच्या अंगावर कायमचा तापमापक बांधण्याची त्यासाठी गरज नाही.

हे मोजमाप मे महिन्यात एकदा आणि जूनमध्ये पुन्हा एकदा व्हावयास हवे. मे महिन्यातील कोरड्या हवेत कूलर चांगला चालतो. मान्सूनपूर्व आर्द्रता वाढल्यावर पारा काही अंशांनी उतरतो, इशारेही थांबतात, परंतु कूलर निष्प्रभ होतो आणि घाम वाळत नाही. केवळ पाऱ्यावर विसंबणारी यंत्रणा नेमक्या या काळात बेसावध राहण्याचा संभव असतो. हवामान विभागाने २०२३ पासून प्रायोगिक तत्त्वावर आर्द्रतेचाही विचार करणारा उष्णता निर्देशांक प्रसिद्ध करण्यास प्रारंभ केला, तो याच उणिवेची दखल घेऊन.

रायपूरहून पश्चिमेला जाणारा महामार्ग भंडारा, नागपूर, अमरावती, अकोला, जळगाव व धुळे या जिल्ह्यांतून पुढे जातो. हा सारा पट्टा देशातील अतिउष्ण प्रदेशांत मोडतो आणि त्यावरील प्रत्येक शहरात उन्हाळ्याचा एकच आकडा जाहीर होतो. इशारा, कामाची वेळ आणि भरपाई या तिन्ही गोष्टी आकड्यावर ठरणार असतील, तर तो आकडा त्या निर्णयांची सर्वाधिक गरज असलेल्या माणसाच्या जवळ जाऊन घेतलेला असणे, ही किमान अपेक्षा म्हणावी लागेल.